हक्कसोडपत्र

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मोहल्ल्यात जमातीतर्फे गुणगौरवाचा कार्यक्रम होतो. गुलाबाचे एकेक फूल, वह्यांचा संच, एखादी ट्रॉफी आणि शेवटी भाषण. गेली बारा-पंधरा वर्षे हे भाषण आम्हा तिघा भावांपैकी जो मोकळा असेल तो करत आला आहे. आमच्यातला थोरला कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, मधला पुण्यात इंजिनिअर आहे, धाकटा बँकेत अधिकारी आहे. यंत्रमाग कामगाराची तीन पोरे इतकी शिकली याचे इचलकरंजीच्या त्या गल्लीला आजही अप्रूप वाटते. भाषणाचा विषय ठरलेला असतो: 'करिअर कसे घडवावे'. आणि भाषणही ठरलेलेच असते. ध्येय ठरवा, वेळेचे नियोजन करा, परिस्थितीचे रडगाणे गाऊ नका, आमच्याकडे बघा.

परवाच्या कार्यक्रमात बारावी झालेली एक मुलगी उभी राहिली. ती सकाळी एका दवाखान्यात नोंदी ठेवण्याचे काम करते, दुपारी कॉलेज, संध्याकाळी घर. तिने विचारले, "सर, नोकरी, शिक्षण आणि घर, तिन्ही एकत्र कसं सांभाळायचं?" आम्ही तिला एक वेळापत्रकच सांगितले. पहाटे साडेपाचला उठणे, नळाचे पाणी येईपर्यंत पाठांतर, कामाच्या जागी जेवणाच्या सुट्टीत उजळणी, रात्री सगळे झोपल्यावर दोन तास लेखन. टाळ्या पडल्या. स्त्रियांच्या बाजूला आमची आपा बसली होती. घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "वो टैमटेबल मेरा था की रे, तेरा कब था?"

ती हसत म्हणाली. आम्हीही हसलो. पण ते खरे होते. पहाटे साडेपाचला आपा उठायची, नळावर रांग आपाची असायची, आमची नव्हे. आम्ही तिच्या दिवसाची चौकट उचलली, तिच्यातली कामे काढून टाकली आणि त्या जागी अभ्यास भरला. आणि इतक्या वर्षांत ते आपलेच समजून बसलो.

या लेखात 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. लिहिणारा हात एकाचा आहे, पण मजकूर तिघांनी फोनवर भांडून ठरवला आहे. शिवाय 'मी' म्हटले की दोष एकट्यावर येतो आणि 'आम्ही' म्हटले की वाटून घेता येतो, हेही खोटे नाही.

आता हकिगत. १९८३ साली अब्बांचा दमा वाढला. बारा तासांच्या पाळीत साच्यांच्या खडखडाटात आणि कापसाच्या तुसात त्यांची वीस वर्षे गेली होती. छातीने साथ सोडली, कान तर आधीच गेले होते. सेठने काही दिवस उचल दिली, मग तीही थांबली. घरात सहा माणसे. आपा तेरा वर्षांची, सातवीत. आम्ही नऊ, सात आणि चार वर्षांचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा आपा शाळेत गेलीच नाही; अम्मीबरोबर कांडी मशीनवर गेली. ज्यांना माग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर मोठ्या कोनावरचे सूत लहान कांडीवर भरावे लागते, ती कांडी धोट्यात बसते आणि धोटा पळतो तेव्हा कापड होते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला म्हणतात; गावाच्या मोठेपणाच्या गोष्टी तिथून सुरू होतात आणि त्यांत सेठ असतात, माग असतात, क्वचित कामगारही असतो. कांडीवाली सहसा नसते. हिशेब भरलेल्या कांड्यांवर व्हायचा. वीज गेली की मजुरीही गेली.

आपाने १९९७ पर्यंत कांड्या भरल्या. १९९२ साली तिचे लग्न झाले. मोहल्ल्याच्या हिशेबाने उशिराच. का उशीर झाला हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून कोणी विचारले नाही. सासर गावातच होते. दुल्हाभाई टेम्पो चालवायचे. लग्नानंतरही तिच्या मजुरीतला अर्धा वाटा आमच्या घरी येत राहिला आणि या गृहस्थाने त्याबद्दल एकदाही तोंड वाकडे केले नाही. थोरल्याला नोकरी लागली तेव्हा ते थांबले. म्हणजे चौदा वर्षे.

एक आठवण मात्र तिघांनाही सारखीच आहे. संध्याकाळी कामावरून आली की आपा आमच्या वह्या बघायची. केसांत सूत अडकलेले असायचे. पाढे म्हणून घ्यायची, शुद्धलेखनाच्या चुकांखाली पेन्सिलीने रेघ मारायची. मग एकेक करून आम्ही सातवी ओलांडली आणि जो सातवी ओलांडेल त्याची वही बघणे तिने बंद केले. का, हे तेव्हा कळले नाही. तिला पुढचे येत नव्हते.

आता तो कागद. अब्बा २००९ साली गेले. मागे दोन खोल्यांचे घर राहिले, पत्र्याचे. आम्हाला ते पाडून बांधायचे होते, कर्ज काढायचे होते आणि कर्जासाठी उताऱ्यावर नावे सरळ हवी होती. शरियतच्या वाटणीचा हिशेब आमच्या घराच्या बाबतीत चमत्कारिक सोपा निघाला. पत्नीचा आठवा हिस्सा. उरलेल्या सात हिश्श्यांत मुलाला मुलीच्या दुप्पट; तीन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे दोन-दोन-दोन आणि एक. अम्मीचा एक, आपाचा एक, आमचे सहा. आठातला एक हिस्सा आपाचा होता. मुलीला निम्मे का, हा वाद या अंकाच्या वाचकांना नवा नाही आणि आमचे मत तिला पुरे मिळावे असेच आहे. पण येथे मुद्दा त्याच्याही अलीकडचा आहे. जे निम्मे कायद्याने मिळते तेही किती बहिणी घेतात? आमच्या नात्यातल्या, शेजारपाजारच्या बहिणी आठवून पाहिल्या. घेणारी एक आठवते आणि तिला पुढे माहेरी ईदलाही बोलावले गेले नाही.

२०१० साली आपाने आणि अम्मीने हक्कसोडपत्र करून दिले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कारकुनाने दोघींपुढे शाईचा पॅड सरकवला. अंगठा सगळ्यांचाच लागतो, आमचाही लागला. पण सहीची जागा आम्हाला बोटाने दाखवली गेली, तिला नाही. आपा म्हणाली, "सही येते मला." आणि एकेक अक्षर जोडत तिने पूर्ण नाव लिहिले. ज्या कागदावर लिहिले त्यात छापील मजकूर होता: विना मोबदला, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. बाहेर येऊन आम्ही सर्वांनी उसाचा रस घेतला.

त्या दिवशी नव्हे, पुष्कळ नंतर आम्हाला सुचले की आपाचे हे दुसरे हक्कसोडपत्र होते. पहिले १९८३ सालचे. त्याला मुद्रांक नव्हता, साक्षीदार नव्हते, दस्त क्रमांक नव्हता. आठातला एक हिस्सा घर सोडायला सरकारला दोन साक्षीदार लागले. अख्खी शाळा सोडायला कोणीच लागले नाही. आणि राजीखुशीचे म्हणाल तर १८७२ च्या करार कायद्यापासून या देशात अल्पवयीन माणसाची संमती ही संमतीच धरली जात नाही. तेरा वर्षांच्या पोरीने एक पितळी हंडा जरी लिहून दिला असता तरी तो व्यवहार टिकला नसता. तिने आपली चौदा वर्षे दिली, तो व्यवहार टिकला. आमच्या पदव्या त्याच व्यवहारावर उभ्या आहेत.

या जागी आमच्यातला मधला नेहमी हरकत घेतो आणि ती हरकत टाळण्यासारखी नाही. तो म्हणतो, दुसरे काय करता आले असते? सहा तोंडे, मिळवणारे हात अम्मीचे एकटीचे. कोणीतरी शाळा सोडणारच होते. नऊ वर्षांच्या पोराने सोडली असती तर आज हा लेख त्याने नसता लिहिला एवढाच फरक. शिवाय मुलीनेच सोडायची असाही काही नियम नव्हता. आमच्याच गल्लीत थोरला मुलगा मागावर गेला आणि बहिणी शिकल्या अशी दोन घरे आहेत. आणि आज तर मोहल्ल्यातल्या मुलीच मुलांच्या पुढे आहेत, मुले दहावीनंतर गळतात. हे सर्व खरे आहे. अब्बांना आजारपणाची रजा नव्हती, औषधाला कोणती योजना नव्हती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता; त्यानंतर सहासष्ट वर्षांनी त्याच जिल्ह्यात एक मुलगी सातवीतून उठली आणि कोणी दाराशी चौकशीला आले नाही. शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे आपाने घराचे हक्कसोडपत्र केले त्याच वर्षी. हा दोष घराचा कमी, बाहेरचा जास्त, हे मान्य.

पण 'दुसरे काय करता आले असते' हा प्रश्न १९८३ पुरता बरोबर आहे. १९९७ नंतर त्याला उत्तर होते. थोरल्याला पगार सुरू झाला तेव्हा आपा सत्तावीस वर्षांची होती. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून होते. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येत होते. आमच्यातला एक तर स्वतः शिक्षक, अशा फॉर्मांवर शाळेचे शिक्के मारून घेऊन इतरांना मदत करत होता. सत्तावीस ते चव्वेचाळीस, ही सतरा वर्षे तिला कोणीही विचारले नाही. तो प्रश्न आमच्या डोक्यातच आला नाही. ती शाळा सोडलेली मुलगी राहिलीच नव्हती. ती आपा झाली होती, आणि आपाला करिअर कुठे असते?

'करिअर' हा शब्दच विचित्र आहे. आमच्या घरात रोजी होती, रिजक होते, हुन्नर होता, नोकरी होती. पण आयुष्य हा एक जिना आहे आणि त्याची प्रत्येक पायरी आपली आपण आधी आखायची, असे सांगणारा शब्द नव्हता. तो आम्ही कॉलेजात शिकलो. त्यात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे वेळ आपल्या मालकीचा आहे. ज्याचा वेळ स्वतःचा आहे तोच नियोजन करू शकतो. कांडीवर बसलेल्या बाईचा दिवस सेठचा, विजेचा, नळाचा आणि चुलीचा असतो. तिला 'वेळेचे व्यवस्थापन कर' असे सांगणे म्हणजे भाडेकरूला घराची रचना बदलण्याचा सल्ला देण्यासारखे आहे. आणि जो स्वतःच्या वेळेचा मालक असतो त्याला हा वेळ कोणीतरी मोकळा करून दिलेला असतो. सरकार फी माफ करते, ते चांगलेच आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, ठरावीक उत्पन्नाच्या आतील घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी भरावी लागत नाही. पण पहाटेच्या नळाची माफी कोणत्याही शासन निर्णयात नसते. ती घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावी लागते.

मोठ्या माणसांच्या चरित्रांत ही दुसरी व्यक्ती शोधायचा आम्हाला आता नादच लागला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचे 'कमवा आणि शिका' आम्ही भाषणात दरवर्षी सांगतो. त्या तत्त्वात एक स्वच्छपणा आहे, कारण कमावणारा आणि शिकणारा एकच. पण साताऱ्याच्या त्या वसतिगृहातल्या सर्व जातिधर्मांच्या मुलांना दोन घास मिळावेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने विकले आणि १९३० साली त्या गेल्याही. तेव्हा कमवा आणि शिका याच्या आधी कोणीतरी 'विका' होते. सावित्रीबाई आजारपणात नायगावला होत्या तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्यांनी जोतीरावांना लिहिले की आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. फातिमा शेख यांच्याविषयी कागदोपत्री जे थोडेफार हाती लागते त्यात हे एक वाक्य. एकीला आजारी पडायची सवड मिळाली कारण दुसरीने शाळा उचलून धरली. आणि जिने उचलून धरली तिची ओळख काय, तर ती कुरकुर करत नाही. सावित्रीबाईंनी निदान पत्रात लिहिले. आमच्या भाषणांत आपाचे नाव एकदाही आले नव्हते.

इमाम गझालींचे उदाहरण आमच्यातल्या धाकट्याने काढले. १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशातली सर्वांत मानाची जागा त्यांनी सोडली. शिकवायला उभे राहिले की वाचा बंद पडू लागली होती. आपण हे ज्ञानासाठी करतो की नावासाठी, हा प्रश्न त्यांना खात होता. आजच्या भाषेत म्हणायचे तर करिअरच्या शिखरावर असताना समाधान नाही म्हणून राजीनामा. त्यांनी संपत्ती वाटून टाकली, मात्र मुलाबाळांच्या निर्वाहापुरती ठेवली, आणि पुढे मुलांच्या हाकेने ते घरी परतलेही. हे त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून आम्हाला ते आवडतात. पण मधल्या वर्षांत त्या घरात कोणी काय उचलले, हे त्यात येत नाही. निर्वाहाचा पैसा ठेवला की घराचे देणे फिटले, असे त्यांना वाटले असेल का? आम्हालाही नेमके तसेच वाटत होते, म्हणून विचारतो. एवढ्या मोठ्या माणसाशी आपली तुलना करण्याचा उद्धटपणा वाचकांनी माफ करावा. चुका मात्र मोठ्यांच्या आणि लहानांच्या सारख्याच असतात.

सच्चर समितीचा अहवाल २००६ सालच्या नोव्हेंबरात आला तेव्हा आम्ही त्याच्यावर व्याख्याने दिली. २००१ च्या जनगणनेप्रमाणे मुस्लिम स्त्रियांमधले साक्षरतेचे प्रमाण ५०.१ टक्के, हा आकडा आम्ही आवाज चढवून सांगायचो. शिकलेल्यांनी समाजाचे ऋण फेडले पाहिजे, असेही सांगायचो. समाजाचे ऋण हा शब्द सोयीचा आहे. समाज दारात येऊन काही मागत नाही.

आपाने मागितले. ते असे. तिची धाकटी मुलगी बारावी झाली तेव्हा २०१४ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिने कोणालाही न सांगता सतरा नंबरचा फॉर्म भरला. दहावी झाली, दोन वर्षांनी बारावी झाली, आम्ही पेढे वाटले, व्हॉट्सॲपवर तिचा फोटो फिरवला. टाळेबंदीच्या वर्षी तिने मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. २०२१ मध्ये अम्मी घसरून पडली, कमरेचे हाड मोडले आणि तेव्हापासून ती वॉकरवर आणि पलंगावर. अम्मी आपाकडेच राहते. आम्ही तिघे गावाबाहेर, आमच्या घरी जिने, आमच्या बायका नोकरीच्या, आणि अम्मीला गाव सोडवत नाही; कारणे सर्व खरी आहेत. जे घर आपाने सोडले त्यात आता भाडेकरू राहतो. ते भाडे अम्मीच्या औषधाला जाते असे आम्ही सांगतो. बहुतेक महिने ते खरे असते.

२०२३ च्या उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. आपाने फोन केला. परीक्षेचे आणि त्याआधीच्या अभ्यासाचे मिळून वीस दिवस अम्मीला कोणीतरी सांभाळा, किंवा येऊन राहा, असे ती म्हणाली. चाळीस वर्षांत तिने आमच्याकडे पहिल्यांदाच काही मागितले. मधल्याचे एक काम परदेशी ग्राहकाकडे जायचे होते. धाकट्याच्या शाखेत तपासणी होती. थोरल्याच्या हातात पेपर तपासणीचे गठ्ठे होते. तिघांनी मिळून पैसे पाठवले आणि एक बाई ठेवायला सांगितले. चांगली रक्कम पाठवली. अम्मीने त्या बाईच्या हातून अंघोळ करून घ्यायला नकार दिला, तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि आपाचे दोन पेपर बुडाले. ते तिने पुढच्या वर्षी दिले. बी.ए. २०२४ मध्ये पूर्ण झाले. आम्ही पुन्हा पेढे वाटले.

आमच्या भाषेत तीन वेगळे शब्द आहेत: कर्ज, एहसान आणि हक. कर्ज आकड्यात मोजता येते आणि फेडले की संपते. एहसान मोजता येत नाही, त्याखाली मान लवून राहायचे असते. आपाच्या बाबतीत आम्ही आलटून पालटून हे दोन शब्द वापरत आलो. ईदला साडी, भाचीच्या लग्नात सोन्याच्या पाटल्या, दुल्हाभाईंच्या टेम्पोचे दोन हप्ते, हे कर्जाच्या खात्यावर. 'आपा नसती तर आम्ही कोण होतो', हे डोळे ओले करून म्हणणे, ते एहसानाच्या खात्यावर. दोन्ही गोष्टी आम्ही मनापासून केल्या. पण दोन्हींत एक सोय आहे. काय द्यायचे आणि कधी, हे देणाराच ठरवतो. हक असला की मागणारा ठरवतो. आपाला पाटल्या नको होत्या, वीस दिवस हवे होते. ज्या नाण्यात तिने दिले त्याच नाण्यात तिने मागितले, म्हणजे वेळाच्या, आणि आम्ही नोटा पुढे केल्या.

प्रेमाचा हिशेब ठेवू नये, असे म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. मग लक्षात आले की हे वाक्य आपाच्या तोंडून कधी ऐकलेले नाही. ते नेहमी घेणारेच म्हणतात. आणि हिशेब ठेवला तर घर मोडेल ही भीतीही पुरती खरी नाही. घरातला प्रत्येक जण हिशेब ठेवतोच, फक्त जो सर्वांत कमी बोलतो त्याची वही कोणी उघडत नाही. अर्थात याचे दुसरे टोकही आम्हाला दिसते. घरातली प्रत्येक भाकरी कोणी थापली आणि कोणी खाल्ली हे लिहून ठेवणारे घर आम्हाला नको. आपालाही नको. तिने जे केले त्यात जबरदस्ती होती तशी तिची स्वतःची ओढही होती. आमचा निकाल लागला की तिचा चेहरा कसा व्हायचा ते आम्ही पाहिले आहे. तिला निव्वळ बळी म्हटले तर तिच्या चौदा वर्षांतले तेवढेही आपण काढून घेतो. हे दोन्ही एका वेळी खरे असू शकते, आणि नेमके इथे आमचे विचार अडकतात.

समाधानाचेही तसेच. आपा बी.ए. झाली तर मोहल्ल्यात लोक विचारायचे, "आता काय नोकरी करणार काय?" त्यावर ज्ञानासाठी ज्ञान असते, शिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, असे आम्ही तिच्या वतीने उत्तर द्यायचो. एकदा तिने थांबवले. म्हणाली, नोकरी करायचीच होती. अंगणवाडीत चौकशी केली, वयाची अट केव्हाच उलटून गेली होती. ज्ञानासाठी ज्ञान हे पगार चालू असलेल्यांचे वाक्य आहे, हे त्या दिवशी कळले. आज ती गल्लीतल्या बायकांचे अर्ज भरते, बँकेची पत्रे वाचून दाखवते, तीन-चार पोरांच्या वह्या तपासते, आणि आता सातवीच्या पुढच्याही तपासते. यातच तिचे समाधान आहे असे लिहून आम्ही हा लेख गोड करू शकलो असतो. पण तिला काय हवे होते ते ती स्वतः सांगून चुकली आहे.

त्या बारावीच्या मुलीला आम्ही नंतर निरोप पाठवला. वेळापत्रक विसर, असा. त्याऐवजी घरातल्यांना एकत्र बसव आणि पहाटेचे पाणी कोण भरणार, आजीला दुपारी जेवण कोण देणार, भाऊ काय करणार, हे नावानिशी ठरवून घे. आणि तुझ्या वाट्याचे जे दुसरा कोणी उचलेल त्याची पाळी पुढे कधी येणार तेही ठरव. तिचे उत्तर आले की भाऊ ऐकत नाहीत. येऊन त्यांच्याशी बोलाल का, असे तिने विचारले आहे. त्या भावांसमोर काय तोंड घेऊन बसायचे हे आमचे अजून ठरत नाही, पण जायचे ठरले आहे.

आपाने एम.ए.ला नाव घातले आहे. विषय मराठी. गेल्या आठवड्यात तिने आम्हा तिघांच्या ग्रुपवर परीक्षेच्या वेळापत्रकाचा फोटो टाकला. सोबत एक अक्षरही लिहिलेले नाही. पहिला पेपर ते शेवटचा पेपर यांत एकोणीस दिवस आहेत. थोरल्याने पहिले आठ दिवस घेतले आहेत, तपासणीचे काम या वर्षी नाकारून. मधल्याने पुढचे सहा, पण त्यातल्या एका दिवसाबद्दल त्याला अजून खात्री नाही. धाकट्याच्या नावापुढे दोन निळ्या खुणा दिसतात. त्याने वाचले आहे.